नाणेघाटाची वाट आणि दगडातला वासुदेव

॥ राम कृष्ण हरि ॥



शतकपूर्तीच्या अंकासाठी मंडळींनी सांगितलं, "महाराज, तुम्ही घाटाचं लिहा." आम्ही आधी नाहीच म्हटलं. आमची शाळा चौथीपर्यंतची. कीर्तनाला उभं राहिलं की पांडुरंग बोलवून घेतो, पण कागदापुढं बसलं की नांगर खडकाला लागल्यागत होतं. तरी पण ज्या वाटेनं आपली दिंडी शंभर वर्षं वर चढते आहे, त्या वाटेचा इतिहास आपल्याच अंकात नसावा हे बरं नाही. आणि त्या घाटात आमच्या हातून एक चूक झालेली आहे, ती अजून कुठल्या कीर्तनात आम्ही सांगितली नाही. ती कुठं तरी लिहून ठेवायची होती. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घालावं.

आधी ज्यांनी ही वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. आपण मुरबाडकडची माणसं, भातशेतीवाली. आषाढी वारीचा सोहळा मोठा, पण आषाढात आपल्याकडं लावणी. पाय चिखलात आणि आवण हातात, अशा वेळी महिनाभर घर सोडणं कुणब्याला कुठलं परवडतं? म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी कार्तिक वद्य एकादशीची आळंदीची वारी धरली. तोपर्यंत हळवं भात निघून कणगीत पडलेलं असतं. गरवं उभं असलं तर ते मागं राहिलेल्यांच्या अंगावर टाकून निघायचं. त्रिपुरी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी वैशाखऱ्यात मुक्काम, आणि पहाटे नाणेघाट. वर घाटघर, मग जुन्नर, ओतूरला तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, आळ्याला रेड्याची समाधी, पुढं नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर करत एकादशीच्या आत आळंदी. त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा डोळ्यांनी पाहायचा आणि परत फिरायचं.

वैशाखऱ्याहून पहाटे चारला निघालं की पौर्णिमा सरून एकच दिवस झालेला असतो. चांद पश्चिमेला कललेला, म्हणजे आपल्या पाठीशी, आणि पुढं घाटाची सगळी भिंत उजळलेली. त्या भिंतीतून एक कडा पुढं आलेला दिसतो, अंगठा उभा धरावा तसा. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. सुरुवातीला गर्द झाडी, कारवीची रानं, एक कोरडा ओढा, मग दगडाच्या पायऱ्या लागतात. पायऱ्या म्हणजे देवळाच्या नव्हेत. मोठमोठे धोंडे बसवलेले, पावलांनी आणि जनावरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेले. पोरं अडीच तासांत चढतात. आमच्यासारख्यांना आता चार लागतात. विणेकऱ्याला पुढं घालायचं आणि त्याच्या पावलानं चालायचं, हा नियम. वाटेत पाण्याची कोरलेली टाकी आहेत. थंडगार पाणी. तिथं टाळ थांबतात, घोट घोट पाणी पिऊन लोक पुन्हा उठतात.

डोक्यावर उन्हं यायच्या आत माणूस गुहेशी पोचतो. कड्यात कोरलेली चौकोनी मोठी खोली, तिन्ही बाजूंनी भिंती आणि पुढून उघडी. गुहेच्या तोंडाशी बसलं की अख्खं कोकण पायाशी. कापणी झालेली खाचरं, मधी मधी खळ्यांचे ठिपके, गावांवर तरंगणारा धूर, आणि लांब गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. समुद्र दिसत नाही, पण वारा समुद्राचाच. पावसाळ्यात तर तो एवढा जोरात वर येतो की कड्यावरून खाली पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. ते बघायला आता मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन वरच्या बाजूनं येतात. येऊ देत. पण घाट कळायचा तर खालून यावं, असं आमचं मत.

गुहेच्या पुढं दोन कड्यांमधली अरुंद नाळ. त्यातून शेवटच्या पायऱ्या चढल्या की एकदम मोकळं पठार, बाजूला जीवधन किल्ला, आणि वाटेच्या कडेला तो दगडाचा रांजण. हा जकातीचा रांजण, येणारा-जाणारा व्यापारी त्यात नाणी टाकायचा म्हणून घाटाचं नाव नाणेघाट, असं लोक सांगतात. आमच्या लहानपणी त्यात आम्ही चिंचोके टाकायचो.

आता चुकीचं सांगतो.

आम्ही पहिली वारी केली तेव्हा सोळा वर्षांचे होतो. त्या काळी आपल्या दिंडीचा दुपारचा स्वयंपाक त्या गुहेतच व्हायचा. वारा लागत नाही, सावली आहे, पाणी जवळ. बायामाणसं डाव्या भिंतीशी तीन धोंडे मांडून चूल पेटवायची, भात रटरटायचा, पिठलं व्हायचं. जेवणं झाली की भिंतीला पाठ लावून मंडळी पडायची. भिंतीवर काहीतरी खरडलेलं आहे हे सगळ्यांना दिसायचं. विचारलं तर म्हातारी माणसं म्हणायची, "पांडवांचं काम हाय ते. एका रातीत कोरलं." कुणी म्हणायचं, खजिन्याचा हिशोब आहे, वाचील त्याला सापडेल.

आम्हाला तेव्हा नवीन अक्षरओळखीचा माज होता. चौथी पास झालेला पोरगा अख्ख्या आळीत आम्हीच. जेवणं झाल्यावर सगळे डुलकीत असताना आम्ही कोयता घेतला, त्याच्या टोकानं डाव्या भिंतीवर, चुलीच्या वर, जिथं मोकळी जागा दिसली तिथं "विठ्ठल" असं कोरलं आणि खाली आपलं नाव. दगड कठीण. "ठ्ठ" काही जमेना. कोयता दोनदा घसरला आणि बाजूच्या जुन्या खरडण्यावर लांब रेघ उमटली. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. विठ्ठलाचं नाव लिहिलं, पुण्यच केलं, असं वाटलं. विणेकरी बाबांना दाखवलं तर तेही "वा रे पोरा" म्हणाले.

पुढं वर्षं गेली. आम्ही कीर्तनं करायला लागलो, लग्न झालं, पोरं झाली, वारी मात्र चुकली नाही. वीस-बावीस वर्षांमागं असंच दुपारी दिंडी गुहेत टेकली असताना जुन्नरकडचे एक शिक्षक आपल्या दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन वरून उतरून आले. आमची चूल पेटलेली. त्यांनी धुराकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, पण रागावले नाहीत. हात जोडून "राम कृष्ण हरि बुवा" म्हणाले आणि विचारलं, "पाच मिनिटं चूल विझवता का? मुलांना वाचून दाखवायचंय." (त्यांनी नंतर आम्हाला निक्षून सांगितलं की कुठं सांगाल तर माझं नाव घेऊ नका. म्हणून इथं लिहीत नाही.)

चूल विझवली. गुरुजींनी विजेरी भिंतीवर तिरकी धरली. तशी ती तिरकी धरली आणि काय सांगावं, जे आम्ही इतकी वर्षं खरडलेलं समजत होतो ते ओळीच्या ओळी उभं राहिलं. डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा. गुरुजी म्हणाले, ही ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत. म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणा. आणि हे लिहून दोन हजार वर्षं झाली.

मग त्यांनी अक्षरं दाखवली. बोट लावलं नाही, काडीनं लांबूनच दाखवलं. "हा न." जमिनीवर काठी रोवावी तसा, खाली आडवी रेघ आणि वर उभी. आपण मुक्कामाला पताका रोवतो अगदी तसा. "हा व." गोल तांब्या आणि वर उभी दांडी. दोन-तीन अक्षरं ओळखू यायला लागली तसे आमच्यातलेही चार जण पुढं सरकले. गुरुजी पहिली ओळ हळूहळू वाचायला लागले. सुरुवातीला नमन आहे. धर्माला नमन. इंद्राला नमन. आणि मग ते म्हणाले, "आता ऐका बुवा, हे तुमच्या कामाचं आहे. संकर्षण आणि वासुदेव यांना नमन."

आमच्या अंगावर काटा आला. वासुदेव! पुढं चंद्र-सूर्य आले, यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल आले, पण आमचं लक्ष तिथंच अडकलं. आमच्या आत्या, तेव्हा सत्तरीच्या पुढं होत्या, त्या चुलीजवळून उठून आल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी आमी इतकी वर्सं देवाच्या नावाखाली चूल पेटवली?" कुणी उत्तर दिलं नाही.

आम्ही मात्र भिंतीवर दुसरंच शोधत होतो. आमची कोयत्याची रेघ. सापडली नाही. त्या भिंतीवर आता इतकी नावं झाली होती, बाण मारलेले बदाम, साल, गावं, की आमचं "विठ्ठल" कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं ते कळेना. ती रेघ कुठल्या अक्षरावरून गेली होती, कुणाच्या नावावरून गेली होती, हे आजपर्यंत आम्हाला माहीत नाही. त्या दिवशी आम्ही गुरुजींना ते सांगितलं नाही. धीर झाला नाही.

त्या लेखात काय आहे ते आम्ही पुढं गुरुजींच्या घरी दोनदा जाऊन समजून घेतलं. ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या दिंडीतल्या बाया-बापड्यांना त्याची माहिती असायला पाहिजे.

हा लेख सातवाहन राजांच्या वेळचा. यात नागनिका नावाची राणी आहे. तिचा नवरा श्रीसातकर्णी, दक्षिणापथाचा स्वामी. ती स्वतः एका महारठीची लेक. राजा-राणीनं जे यज्ञ केले त्यांची ही यादी आहे. अश्वमेध, राजसूय आणि आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञाला दक्षिणा काय दिली ते आकड्यात कोरलेलं आहे. एका ठिकाणी सतराशे गाई आणि दहा हत्ती, एका ठिकाणी अकरा हजार गाई आणि एक हजार घोडे, एका ठिकाणी चोवीस हजार चारशे कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी. अकरा हजार गाई! आम्ही चार गुरं सांभाळताना मेटाकुटीला येतो. गुरुजी म्हणाले की हे आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. त्यात शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. विद्वान लोक या घाटाला गाई मोजायला येत नाहीत, आकडे बघायला येतात, असं ते हसून म्हणाले.

पण आम्हाला गाईंपेक्षा दुसरं लागलं. त्या राणीविषयी लिहिलंय की ती महिना महिना उपास करायची, घरात राहून तापसीसारखी राहायची, ब्रह्मचर्य पाळायची. पुढं ती विधवा झाली, मुलं लहान होती, कारभार तिनंच पाहिला, असं अभ्यासक मानतात. हे ऐकून आत्या म्हणाल्या, "म्हंजी आपल्यासारखीच की गं बाय." आत्यांना पंचविशीत वैधव्य आलं होतं. दोन पोरं वाढवली, शेत राखलं, एकादशी कधी मोडली नाही. राणी आणि आत्या यांच्यात दोन हजार वर्षं आणि अकरा हजार गाईंचं अंतर, पण आत्यांना ते दिसलंच नाही. त्यानंतर दरवर्षी गुहेशी आलं की त्या आधी "राणीसायब, आलो बरं का" म्हणायच्या. त्या गेल्या त्याला नऊ वर्षं झाली.

मागच्या भिंतीवर त्या राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार, महारठी, अशी वर नावं कोरलेली आहेत. मूर्ती मात्र फुटून गेल्या. खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. राजे गेले आणि पावलं राहिली. आपण वारकरी पादुकांपुढं डोकं ठेवणारी माणसं, आपल्याला त्यात नवल नाही.

हा लेख लोकांच्या विस्मरणात गेला होता. साहेबांच्या राज्यात १८२८ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तो पाहिला आणि जगाला कळवला. नीट उलगडला तो भगवानलाल इंद्रजी या आपल्या देशी पंडितानं. ते जुनागडचे. घाटातला लेख उतरवून घेणं, आकड्यांच्या खुणा ओळखणं, हे कष्टाचं काम त्यांनी केलं. मग १८८३ साली बुलर साहेबानं तो लेख छापला. आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, जे संस्कृतचे एवढे मोठे पंडित, त्यांनी १९१३ साली वैष्णव पंथाचा इतिहास लिहिताना याच घाटातल्या संकर्षण-वासुदेवाचा दाखला घेतला. म्हणजे बघा, आपल्या दिंडीचा पहिला वीणा या घाटातून वर गेला त्याच्या आधीच आपल्या घाटातल्या देवाचं नाव पुण्या-मुंबईच्या पुस्तकात छापून आलेलं होतं. आणि आपण त्याच्याखाली पिठलं करत होतो.

कुणी विचारील, आणि आम्हाला कीर्तनात विचारलंही आहे, की महाराज, हा दगडातला वासुदेव म्हणजेच आपला पंढरीचा विठोबा का? आम्ही चौथी शिकलेले, आम्ही काय निवाडा करणार? विठोबा हा कृष्णच, ही आपल्या संतांची शिकवण, ती आमच्या गळ्यातल्या माळेइतकी पक्की. पण त्या राणीला विठोबा माहीत होता असं या लेखावरून म्हणता येत नाही, आणि ओढूनताणून तसं सांगूही नये. तिचा मार्ग यज्ञाचा. तिथं घोडा लागतो, तूप लागतं, ब्राह्मणाला गाई लागतात. ज्याच्याकडं अकरा हजार गाई त्यालाच ते जमायचं. आपल्या संतांनी नाम दिलं, त्याला दमडी लागत नाही. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, म्हणजे या लेखाच्या तेराशे वर्षं नंतर. या तेराशे वर्षांत वासुदेवाचं नाव राजाच्या भिंतीवरून उतरून कुणब्याच्या, कुंभाराच्या, माळ्याच्या तोंडात आलं. ते कसकसं उतरलं याचा इतिहास विद्वानांनी लिहावा. आम्हाला एवढंच दिसतं की नाव तेच आहे.

आणखी एक. त्या नमनात संकर्षणाचं नाव आधी आणि वासुदेवाचं मागून. संकर्षण म्हणजे बळीराम, नांगर खांद्यावर घेतलेला. थोरल्याचं नाव आधी घ्यायची रीत दोन हजार वर्षांपूर्वी पण होती, आणि तो थोरला शेतकरी होता. आमच्या घरात धाकटे भाऊ ऐकत नाहीत तेव्हा आम्ही हा दाखला देतो. उपयोग होत नाही.

आता वाटेचं बघू. ही वाट काही देवाला जाण्यासाठी कोरलेली नव्हती. ती व्यापाऱ्यांची वाट. खाली कोकणात सोपारा आणि कल्याण ही बंदरं. तिथं दूरदेशीचा माल उतरायचा. तो बैलांच्या पाठीवर या घाटानं चढायचा आणि जुन्नरला जायचा. जुन्नर तेव्हा मोठं नगर होतं. तिथल्या डोंगरांत लेणी किती कोरली आहेत बघा, लेण्याद्रीचा आपला गणपती सुद्धा त्यातल्याच एका लेण्यात बसलाय. यवन लोकांनी दान दिल्याचे लेखही जुन्नरच्या लेण्यांत आहेत. म्हणजे समुद्रापलीकडची माणसं या वाटेला होती. जुन्नरहून पुढं वाट जायची पैठणला, ती सातवाहनांची राजधानी. आणि तिकडं तेरपर्यंत. पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नावं दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत आहेत. तेरचं नाव त्यानं तगर असं लिहिलंय.

आता हीच नावं वारकऱ्याच्या कानानं ऐका. पैठण म्हणजे नाथमहाराजांचं पैठण. माउलींनी रेड्याच्या मुखातून वेद बोलवले ते पैठण. तो रेडा माउलींबरोबर निघाला आणि आळ्याला त्यानं देह ठेवला, तिथं त्याची समाधी आपण दरवर्षी घेतो. आणि तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर. ज्या वाटेवरून मद्याचे रांजण आणि कापडाचे गठ्ठे गेले, तिच्याच टोकांना पुढं संत जन्मले. आम्ही यात चमत्कार सांगत नाही. जिथं वाट असते तिथं बाजार असतो, जिथं बाजार असतो तिथं माणसं एकमेकांना भेटतात, आणि जिथं माणसं भेटतात तिथं शब्द पसरतो. मीठ ज्या वाटेनं वर जातं त्याच वाटेनं अभंग खाली येतो. आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी सुद्धा माणसं मिठाची ओझी घेऊन हा घाट चढायची आणि वरून येताना कांदे आणायची. जुन्नरकडच्या एका माळकऱ्याशी अशाच ओझ्याच्या फेरीत ओळख होऊन आमच्या आळीत पहिली माळ आली, असं ते म्हणायचे. आपल्या दिंडीच्या वहीत एवढं लिहिलेलं नाही. पण तोंडी आहे, ते आता छापून राहील.

चुलीचा निकाल त्याच वर्षी लागला, पण सुखासुखी नाही. आळंदीहून परत आल्यावर गावच्या देवळात बैठक झाली. आम्ही म्हटलं, यापुढं गुहेत चूल नको, झोपणं नको, भिंतीला पाठ लावणं नको, पोरांना खडूसुद्धा घेऊन जाऊ देऊ नका. स्वयंपाकाचं बघणारे एक जुने वारकरी चिडले. ते म्हणाले, "आमच्या बापानं तिथं भात शिजवला. इतक्या चुली जाळल्या, देव काय पळाला का?" त्यांचं पण बरोबर होतं. घाटघरपर्यंत उपाशी पोटी म्हाताऱ्यांना नेणं सोपं नाही, आणि लाकडं वर वाहायची कुणी? दोन तास वाद चालला. शेवटी आम्ही सगळ्यांपुढं आमच्या कोयत्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. म्हटलं, तुमच्या चुलीनं धूर लागला, तो पावसावाऱ्यानं जाईल कधीतरी. आमच्या रेघेनं दगड गेला, तो येत नाही. ते वारकरी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घाटघरात आमची मावसबहीण दिलीय. तिच्या पडवीत चूल मांडू." तेव्हापासून गुहेत फक्त भजन होतं. टाळ काढायचे, एक रूपाचा अभंग, एक नामाचा, आणि विणेकऱ्यानं गुहेच्या तोंडाशीच उभं राहायचं, आत जायचं नाही. भाकरतुकडा टाक्यापाशी, पोटभर जेवण घाटघरला.

ज्या गुरुजींनी लेख वाचला त्यांना पण आम्ही पुढच्या भेटीत कबुली दिली. ते म्हणाले, "बुवा, तुम्ही विठ्ठल लिहिलं म्हणून माफ असं काही नसतं. शिवाजी लिहा नाहीतर आय लव यू लिहा, दगडाला सारखंच लागतं." हे आम्हाला झोंबलं. पण खोटं नव्हतं.

आता नवा वाद आहे तो पण लिहून टाकतो, कारण अंक छापून येईल तोवर यंदाची वारी तोंडावर असेल. मंडळातल्या काही तरुणांचं म्हणणं आहे की घाट चढणं आता सोडावं. माळशेजचा डांबरी रस्ता आहे, सामानाचा टेम्पो त्यातूनच जातो, माणसंही त्यातूनच नेऊ. दोन वर्षांमागं एक माळकरी बाई नाळेत पाय घसरून पडली, मनगट मोडलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. आमचे स्वतःचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी चढ सांगितलेला नाही. तेव्हा तरुणांना आम्ही आळशी म्हणत नाही. काळजीनंच बोलतात ती पोरं.

आमचं म्हणणं एवढंच पडलं की दोन्ही ठेवा. ज्यांना चढवत नाही त्यांनी टेम्पोत बसावं, लाज धरू नये, माउली टेम्पोतल्यालाही भेटते. पण वीणा मात्र घाटानंच वर जावा. वीणा एकदा माळशेजनं गेला की पुढच्या पिढीला ही वाट फिरायला यायची जागा म्हणून कळेल, आपली म्हणून नाही. बैठकीत हात वर झाले, तेवीस आमच्या बाजूनं आणि एकोणीस विरुद्ध. एकोणीस हा काही थोडा आकडा नाही, हे आम्हाला कळतं.

गेल्या कार्तिकात धाकटा नातू बरोबर होता. सातवीत आहे, आमच्यापेक्षा तीन यत्ता पुढं. आम्ही गुहेच्या बाहेर दगडावर बसलो होतो, दम खात. तो विजेरी तिरकी धरून बराच वेळ डाव्या भिंतीशी उभा होता. मग ओरडला, "बाबा, पताका सापडली! आणि इथं तांब्या पण हाय!" न आणि व. आम्ही म्हटलं, हात लावू नको. "लावला न्हाई," म्हणाला. मग थोड्या वेळानं बारीक आवाजात विचारलं, "तुमची रेघ कुठली ओ?"

यंदा वैशाखऱ्याहून वीणा पहाटे चार वाजता निघेल. विजेरी, काठी आणि पाण्याची बाटली ज्याची त्यानं घ्यावी. नाळेत चप्पल नीट बांधावी. टेम्पो माळशेजनं आधीच घाटघरला पोचलेला असेल, लाकडं त्यातच जाणार आहेत.

॥ राम कृष्ण हरि ॥